आईच्या तीन टाचण्या

मे महिन्यात मातृदिनाच्या सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. माणूस म्हणे ४५ ‘डेल’पर्यंतच वेदना सोसू शकतो, आणि बाळंत होताना आई ५७ डेल सोसते, म्हणजे एका वेळी वीस हाडं मोडल्याइतकी. खाली हात जोडलेले पाच-सहा इमोजी.

डेल नावाचं एककच नाही. जवळपास जाणारं एक होतं, ‘डोल’. १९४०च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या हार्डी, वुल्फ आणि गुडेल यांनी कपाळावर दिव्याची उष्णता पाडून वेदना मोजण्याचा खटाटोप केला. त्यांची पट्टी साडेदहा डोलला संपायची. ती काही रुजली नाही. आजही डॉक्टर ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ असंच विचारतात. बाळंतपणाच्या कळा भयंकर असतात, त्यात वाद नाही. पण आईचे उपकार मानायला खोटा आकडा कशाला हवा? खरा हिशेब मिलिग्रॅममध्ये आहे, आणि तो लोहाचा आहे.

नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळाच्या अंगात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७५ मिलिग्रॅम लोह असतं. तीन किलोचं बाळ धरा, २२५ मिलिग्रॅम झाले. हे किती, ते डोळ्यांना दिसावं म्हणून मी आईच्या शिवणाच्या डब्यातल्या दहा टाचण्या उचलल्या आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवल्या. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. ७०० मिलिग्रॅम. म्हणजे जन्मताना आपल्या अंगात साधारण तीन टाचण्यांएवढं लोह होतं, आणि त्यातला कण न् कण आईच्या रक्तातून आलेला.

आला कसा, हा यातला माझा सगळ्यात आवडता भाग. बाळ आईच्या रक्तावर पोसतं असं आपण म्हणतो, पण आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार (प्लॅसेंटा) असते. वारेच्या आईकडच्या बाजूला एक अजब थर असतो. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड पेशी झालेली, मधे भिंतच नाही. दिवस भरेपर्यंत या थराच्या घड्या उलगडल्या तर दहा चौरस मीटरहून जास्त जागा व्यापतील, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीएवढी.

आईच्या रक्तात लोह मोकळं फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाच्या डब्यात लोहाचे दोन अणू घट्ट बसवलेले असतात. वारेच्या या थरावर ट्रान्सफेरिनला धरणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, तीही प्रथिनंच. डबा ग्राहकाला चिकटला की पेशी त्या दोघांना एका बुडबुड्यात आत ओढून घेते. मग त्या बुडबुड्यात आम्ल सोडलं जातं. रक्ताचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.४ असतो, इथे तो साडेपाचाच्या आसपास उतरतो. त्यासरशी ट्रान्सफेरिनची पकड सुटते आणि लोह मोकळं होतं. रिकामा डबा पुन्हा आईच्या रक्तात सोडला जातो. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, अशी आपल्याकडे रीत आहे. वार ती पाळत नाही. लोह पुढे फेरोपोर्टिन नावाच्या दारातून बाळाकडे जातं, आणि ही वाट एकाच दिशेची.

याहून बारीक कारागिरी पुढे आहे. ग्राहक किती बनवायचे, हे त्यांच्या आरएनएच्या, म्हणजे ज्या चिठ्ठीवरून पेशी ते बनवते तिच्या, शेपटावरच्या काही वळशांवरून ठरतं. पेशीत लोह कमी झालं की एक प्रथिन त्या वळशांना धरून बसतं, त्यामुळे आरएनए लवकर तुटत नाही आणि त्यावरून आणखी ग्राहक तयार होतात. थोडक्यात, लोह कमी पडलं की मागणारे हात वाढतात. इकडे आईच्या यकृतातून येणारं, लोहाचं शोषण रोखणारं हेपसिडिन हे संप्रेरक गरोदरपणाच्या उत्तरार्धात खूप घटतं, म्हणून तिचं आतडं अन्नातलं लोह एरवीपेक्षा जास्त शोषू लागतं. तरी भागत नाही. सगळं धरून या नऊ महिन्यांत सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातले साडेचारशेच्या आसपास तिच्याच वाढलेल्या रक्तात जातात आणि बाळंतपणात न सांडलेला वाटा नंतर तिला परत मिळतो. बाळाचे आणि वारेचे कायमचे गेले. धडधाकट बाईच्या शिलकीत जेमतेम ३०० मिलिग्रॅम असतात. तीही फार घटली, तर मात्र बाळालाही तोशीस लागते.

५७ हा आकडा खरा आहे, फक्त तो वेदनांचा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आशाताई लोहाच्या गोळ्या घरपोच देतात, पण ‘गोळ्यांनी मूल काळं होतं’ म्हणून त्या उशीखाली राहतात आणि गोरं बाळ व्हावं म्हणून केशराचं दूध मात्र रोज पोटात जातं. गोळ्यांनी काळा होतो तो शौचाचा रंग. बाळाचा वर्ण आईबापांच्या जनुकांतून येतो, त्याला केशर काय करणार! बिटाचंही तसंच. लाल दिसतं म्हणून त्याने रक्त वाढतं अशी समजूत आहे, पण त्यात लोह अगदीच थोडं.

आईच्या दुधातही लोह फार नसतं. पहिले सहा महिने बाळ मुख्यतः पोटात असताना मिळालेल्या त्या तीन टाचण्यांवरच काढतं.

परवा जुन्या कागदांत माझ्या जन्माच्या वेळचं आईचं दवाखान्याचं कार्ड सापडलं. हिमोग्लोबिनच्या रकान्यात जेमतेम ८.६. ती अजूनही सगळ्यांची पानं झाल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या जेवते आणि लगेच चहा पिते. चहातली टॅनिनं जेवणातलं लोह अडवून धरतात, हे मी तिला वर्षभर सांगतोय. या वेळी चहा मागे सरकवला, लोह शोषायला मदत व्हावी म्हणून पानात लिंबाची फोड ठेवली, तिला माझ्याबरोबर बसवलं आणि वारेचं, डब्यांचं, टाचण्यांचं सगळं पुराण ऐकवलं.

तिने लिंबू पिळलं. म्हणाली, “म्हणजे डब्यातल्या टाचण्या तू नेल्यास होय? दहा कमी आहेत. मी कालपासून शोधतेय.”