'मॅव्हरिक': पिस्तूल मागे, पत्ते पुढे

1957 साली अमेरिकी टीव्हीवर काउबॉय मालिकांचा सुकाळ होता. नायक म्हटला की शूर, सरळमार्गी आणि पिस्तुलात वाकबगार. 'मॅव्हरिक' मालिकेत रॉय हगिन्सने घडवलेला ब्रेट मॅव्हरिक मात्र पोकर या पत्त्यांच्या जुगारावर पोट भरतो, भांडण पेटलं की मागच्या दाराने सटकायला बघतो आणि अडीनडीला हजार डॉलरची नोट कोटाच्या आत टाचून ठेवतो. जेम्स गार्नरने त्याला असं सहज उभं केलं की हा भित्रेपणा शहाणपणच वाटतो.

22 सप्टेंबर 1957 पासून मालिका एबीसी वाहिनीवर रविवारी साडेसातला लागू लागली. दुसऱ्या वाहिन्यांवर एड सलिव्हन आणि स्टीव्ह ॲलन यांचे लोकप्रिय कार्यक्रम आठला सुरू होत. तोवर प्रेक्षक इथल्या गोष्टीत अडकलेला असे.

तासाभराचा एक भाग चित्रित व्हायला आठ दिवस लागत आणि दर सात दिवसांनी नवा भाग हवा. म्हणून ब्रेटचा भाऊ बार्ट (जॅक केली) आला आणि दोन तुकड्या समांतर काम करू लागल्या. हगिन्स प्रत्येक पटकथा गार्नर डोळ्यांपुढे ठेवूनच लिहवून घेई, त्यामुळे बार्टही दुय्यम ठरला नाही. 1958 च्या 'शेडी डील ॲट सनी एकर्स'मध्ये तर ब्रेट बँकवाल्याने गिळलेले 15,000 डॉलर परत मिळवतो ते खुर्चीत बसून लाकूड तासत. धावपळ सगळी बार्टची. मालिकेचा सर्वोत्तम भाग हाच.

1960 च्या लेखक-संपात निर्मात्या वॉर्नर कंपनीने पगार थांबवल्यावर गार्नर कोर्टात गेला, जिंकला आणि मालिका सोडून गेला. रॉजर मूर चुलतभाऊ म्हणून आला, पण ती मजा ओसरली. 1962 मध्ये 124 भागांवर मालिका थांबली.

'रोप ऑफ कार्ड्स' या भागातला पत्त्यांचा डाव मात्र घरोघरी खेळून पाहण्याजोगा. पिसलेल्या जोडातली कोणतीही 25 पानं घ्या आणि त्यांचे पाच-पाचचे पाच हात लावा. प्रत्येक हात निदान स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं, किंवा त्याहून वरचा हवा. अशक्य वाटतं, पण सुमारे 98 टक्के वेळा जमतं. आधी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार ढीग करा. एकाच ढिगातली पाच पानं म्हणजे फ्लश, आणि निदान दोन फ्लश तर निघतातच. ढीग 7-6-6-6 असे पडले तर चार फ्लश होऊन पाच पानं उरतात. चूक होते ती इथेच: घाईने फ्लश बंद केले की उरलेल्या पाचांचं काहीच जुळत नाही. आधी स्ट्रेट किंवा फुल हाउस (एका किमतीची तीन आणि दुसऱ्या किमतीची दोन पानं) होईल अशी पाच पानं बाजूला काढा, फ्लश मग लावा.