बेळगावच्या मनातली अमेरिका

बेळगावच्या टिळकवाडीत किंवा शहापुरात कुणाचा मुलगा अमेरिकेला निघाला की घरचा हिशेब तयार असतो: दोन वर्षं एमएस, मग नोकरी, मग ग्रीन कार्ड, मग आईबाबांची फेरी. एका पिढीच्या बाबतीत तो खरोखरच असा जुळला होता. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

१९४६च्या कायद्याने अमेरिकेत कायम राहायला येणाऱ्या भारतीयांना वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या. १९६५मध्ये ते जुने कोटे गेले. त्याच वर्षी वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना मंजूर झाली आणि तिकडे डॉक्टरांची गरज वाढली. इकडे बेळगावात १९६३ला मेडिकल कॉलेज सुरू झालं होतं. त्या काळात गेलेल्या भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांना ग्रीन कार्डासाठी फारसं थांबावं लागत नसे; कित्येकांना कायम राहण्याची परवानगी निघण्यापूर्वीच मिळालेली असे. घरी फोटो यायचे ते दारातल्या गाडीचे आणि बर्फाचे. हॉस्पिटलातल्या रात्रपाळीचा फोटो कोण पाठवणार? १९७६ला परदेशी डॉक्टरांवर निर्बंध आले, पण तोवर चित्र पक्कं झालं होतं.

सीमाभागाला घर सोडण्याची सवय तशी जुनी. १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि कन्नड न येणाऱ्या मराठी मुलांना सरकारी नोकरीची वाट अरुंद झाली. शिकलं की पुणे-मुंबई, हे ठरूनच गेलं. (पुण्याबद्दलच्या कल्पनाही काही कमी सोनेरी नव्हत्या.) शहरात १९७९ला जीआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज आणि १९९८ला व्हीटीयू हे तंत्रज्ञान विद्यापीठ आलं. पुण्यातल्या आयटी कंपनीतून अमेरिका हे पुढचंच स्टेशन वाटू लागलं.

मधल्या काळात नियम मात्र बदलले होते. १९९०च्या कायद्याने एच-वन-बी हा कुशल नोकरदारांचा तात्पुरता व्हिसा आणला; आज त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० आहे. अर्ज जास्त, म्हणून लॉटरी. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, तीही बायकामुलं धरून. आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्के. भारताला आणि आइसलँडला मर्यादा एकच! त्यामुळे भारतात जन्मलेल्या इंजिनिअरची रांग दशकाहून लांब गेली आहे. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. रांगेतच मुलगा २१ वर्षांचा झाला तर आईबापांच्या अर्जातून त्याचं नाव गळू शकतं.

सर्वांत जास्त फसगत मुलींची झाली, असं माझं मत. ‘अमेरिकेचं स्थळ’ म्हणून इंजिनिअर झालेल्या मुली दिल्या गेल्या आणि एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, घरात बसल्या. २०१५पर्यंत त्या व्हिसावर कामाची परवानगीच नव्हती. नंतर मिळाली तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला असेल तरच. लग्नाच्या बैठकीत पगार विचारला जातो, व्हिसाचा प्रकार क्वचितच.

सप्टेंबर २०२५मध्ये बाहेरून आणल्या जाणाऱ्या नव्या एच-वन-बी कर्मचाऱ्यामागे एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा पुढे आला. म्हणजे एमएसचीच वाट उरली, आणि ती अनेकांच्या बाबतीत घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावरून जाते. पदवीनंतर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला कामासाठी तीन वर्षं मिळतात. तेवढ्यात लॉटरी लागली नाही, तर हप्ते बेळगावच्या पगारातून फेडायचे.