डॅशबोर्डवर नाव लाल झालं म्हणजे डिप्रेशन नाही

कॉलेजातला डॅशबोर्ड, म्हणजे सगळ्या पोरांची माहिती एकत्र दाखवणारी स्क्रीन, आम्हा शिक्षकांना माहीतच आहे. हजेरी, इंटर्नलचे मार्क, ऑनलाइन लॉगिन, परीक्षेचा फॉर्म भरला का, हे सगळं जोडून पोराचं काही बिनसलंय का याचा अंदाज काढतात आणि नाव लाल होतं. हा झाला अलर्ट. आजाराचं निदान मानसोपचारतज्ज्ञ करतो, पोराला समोर बसवून, त्याच्याशी बोलून. तरी स्टाफरूममध्ये लाल नाव दिसलं की "याला डिप्रेशन आहे" म्हणून मोकळे, याचा मला भयंकर राग येतो.

मशीनला मन दिसत नाही, फक्त बदल दिसतो. आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी, दिवाळीनंतर कापूस वेचणी, मजूर मिळाला नाही की पोट्टे वावरात, आणि हजेरी कोसळते. मागच्या वर्षी एक पोरगा अकरा दिवस आला नाही तर एका सरांनी थेट घरी फोन लावून सांगितलं, पोराला डिप्रेशन दिसतंय. बाप वेचणी सोडून एसटीनं आला, शर्टाला कापूस चिकटलेला, हात थरथरत होते. पोरगा त्याच्याच सोबत वेचत होता! पण फोन चारचौघांत घेतलेला, गावात बोभाटा झाला, पोरगा पुढं महिनाभर कॉलेजात आला नाही.

हिशोब करून बघा. समजा 1000 पोरं, त्यातले 20 खरंच त्रासात. सिस्टिमनं त्यातले 16 पकडले आणि बाकीच्या 980 पैकी फक्त 10 टक्के चुकून लाल केले, तरी ते झाले 98. म्हणजे 114 लाल नावांत 98 जणांना तसं काहीच नाही. आणि 4 पोरं हिरवी राहिली ती वेगळीच. आमच्या होस्टेलची एक पोरगी रोज वर्गात पहिल्या बाकावर, हजेरी पूर्ण, पण डबा तसाच परत जायचा, ते रूममेटनं सांगितलं म्हणून कळलं.

पीएचक्यू-9 या डिप्रेशनच्या प्रश्नावलीचंही तेच. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, 27 पैकी 10 किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढं तपासा, एवढंच, तो आजाराचा दाखला नाही. फक्त नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे, तिथं शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी बोला.

लाल नाव दिसलं तर आधी पोरालाच एकट्याला गाठा, "दिसला नाहीस रे, घरी सगळं ठीक ना?" एवढंच विचारा. जड वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.