वाण्याची चोपडी आणि डी-मार्टची रांग

महिन्याच्या पहिल्या रविवारी बडोद्यातल्या डी-मार्टात जाऊन बघा. दारातच हातातल्या पिशवीचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीने आवळून देतात. आत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावं लागतं. सामान काही ठिकाणी कंपनीच्या खोक्यांतच ठेवलेलं, आणि ‘हा रवा जाड की बारीक’ असं विचारायला जवळपास कुणी नाही. रांगेत पुढे गुजराती, मागे मराठी, मधूनच ‘अगं, एकादशी आहे, मोरैयो घेतलास का?’ (मोरैयो म्हणजे वरई) अशी आपली बडोदेकरी भेसळ. एवढं उभं राहून झालं की बिलाच्या तळाशी एमआरपीपेक्षा किती रुपये वाचले तो आकडा येतो, आणि माणसं तो आकडा घरी जाऊन वाचून दाखवतात.

ही स्वस्ताई मॉलच्या जमान्यात आली असं सगळे धरून चालतात. माझ्या मते तिची गोष्ट बरीच जुनी आहे आणि ती दुकानाच्या थाटामाटाची नाही, उधारीची आहे. उधारी कुणी कुणाला द्यायची, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडची मराठी घरं बहुतेक नोकरदारांची. कारकून, मास्तर, शिलेदाराचा नातू जो आता कचेरीत लागलाय, अशी. पगार महिन्याला एकदा, भूक रोज. मधल्या दिवसांचा पूल बांधायचा तो वाणी. त्याच्या लाल चोपडीत घराचं खातं असे. पोऱ्या सामान घरी टाकून जाई, मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी, पाहुणे अचानक आले तर रात्री नऊलाही फळी उघडी. हे सगळं भावात धरलेलं असायचं, पण वेगळं कुठे लिहिलेलं नसायचं. आणि खरी गोम निराळीच: ज्याच्याकडे बाकी आहे त्याला शेजारच्या दुकानात भाव विचारायची सोय नसते. तूरडाळ पलीकडे दोन पैशांनी स्वस्त आहे हे कळूनही काय करणार? आधी जुनी बाकी मिटवा. ‘आजे रोकडा, काले उधार’ ही पाटी लटकवणारे दुकानदारही नेहमीच्या गिऱ्हाइकाला चोपडीतच ठेवून घेत, कारण बांधलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

या बांधलेपणाला पहिला धक्का बडोद्यातच बसला. 1889 मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. सभासदांनी थोडेथोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि अडचणीत एकमेकांना कर्ज द्यायचं, म्हणजे सावकाराच्या दारी जायला नको. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ब्रिटिश हिंदुस्थानातला सहकारी कायदा आला 1904 साली, म्हणजे मंडळी त्याच्या 15 वर्षं आधीची. तिने किराणा विकला नाही, पण हातात रोकड असलेला कारकून ती घडवू शकत होती, आणि रोकड असलेला माणूसच चार दुकानं फिरतो. पुढे तिची बँक झाली आणि 2007 मध्ये त्या बँकेचा परवानाही गेला. आमच्याकडे अजून काही घरांत तिची जुनी पासबुकं सापडतात.

तिकडे इंग्लंडात रॉचडेलच्या 28 जणांनी 1844 मध्ये सहकारी दुकान काढलं, तेव्हा त्यांचीही हीच भानगड होती. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या, एवढाच माल. अट एक: रोख द्या. गिरणीमालकांच्या आणि उधारीवाल्या दुकानांच्या कचाट्यातून सुटायचं तर स्वतःच्या दुकानातही उधारी नको, हे त्या विणकरांनी ओळखलं होतं.

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये खंडेराव मार्केट बांधलं. घुमटांची, राजवाड्यासारखी इमारत, आणि आत भाजी. आज तिथेच महानगरपालिकेची कचेरी आहे. स्वस्ताईशी तिचा संबंध एवढाच की घासाघीस करायला शंभर विक्रेते एका जागी मिळाले.

‘सस्ता’ हा शब्द मात्र बडोद्यात पाटीवर आला तो रेशनमुळे. मराठीत स्वस्त धान्य दुकान, गुजरातीत ‘सस्ता अनाजनी दुकान’. दुसऱ्या महायुद्धात टंचाई आणि साठेबाजी वाढली तेव्हा शहरांत रेशनिंग सुरू झालं, आणि स्वातंत्र्यानंतरही ते या ना त्या रूपात राहिलं. साखर आणि केरोसीनसाठी कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं, पोत्यातून काढलेला गहू घरी आणून निवडायचा, पैसे जागेवर द्यायचे. एकही सोय नाही, निवड नाही, उधार तर नाहीच. आजच्या दुकानाचा अर्धा आराखडा इथेच तयार होता, फक्त तिथे जाण्यात कुणाला अभिमान नव्हता. 1997 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी वेगळी, लक्ष्यित व्यवस्था आली आणि आमच्यासारख्या घरांची कार्डं हळूहळू फक्त पत्त्याचा पुरावा उरली.

मधल्या काळात सरकारने सहकाराकडेही पाहिलं. 1962 च्या चीन युद्धानंतर ग्राहक सहकारी भांडारांची केंद्रीय योजना आली. 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्याच वर्षी दिल्लीत ‘सुपर बाजार’ हे सहकारी भांडार उघडलं. बडोदा तेव्हा बदलत होतं. खतकारखाना 1962 मध्ये स्थापन झाला, कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली, आणि कामगारवसाहती वाढत गेल्या. पण सहकाराची मोठी गोष्ट मुंबईची. तिथे नायगावात 1948 मध्ये गिरणगावच्या माणसांनी ‘अपना बाजार’ उभारला. 1975 च्या सुमारास निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच काढून टाकलं: सभासदांचे गट, महिन्याची यादी, एकत्र खरेदी आणि आपापसात वाटप. दादरची आमची मावशी बडोद्याला यायची तेव्हा हे सगळं तावातावाने सांगायची. आमचे काका हसायचे. त्यांना वाण्याचा गुळाचा खडा सोडवत नव्हता.

यानंतरची गोष्ट छापील आकड्याची आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. 1990 पर्यंत बऱ्याच पाकिटांवर किंमत असे, तिच्यापुढे ‘स्थानिक कर वेगळे’. म्हणजे खरा भाव दुकानदार सांगेल तो. त्या वर्षी पाकीटबंद मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजेच एमआरपी, छापणं बंधनकारक झालं. हेतू ग्राहकाला जास्त आकारणीपासून वाचवण्याचा होता. पण झालं असं की प्रत्येक साबणावर, प्रत्येक चहाच्या पुड्यावर एक सर्वमान्य छत छापलं गेलं. छत दिसतं म्हणून त्याच्या किती खाली आहोत तेही दाखवता येतं. बिलाच्या तळाशी छापलेली ‘बचत’ ही त्या नियमाची अनपेक्षित देणगी. पाकिटावर आकडाच नसता तर कशाच्या तुलनेत स्वस्त?

बाकी युक्त्या परदेशात आधीच तपासून झाल्या होत्या. मेंफिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्सने 1916 मध्ये ‘पिगली विगली’ उघडलं, तिथे गिऱ्हाइकाने आपला माल स्वतः उचलायचा. जर्मनीत एसेनच्या अल्ब्रेख्त भावांनी आईचं दुकान 1946 मध्ये हाती घेतलं. युद्धानंतर भांडवल नव्हतं, म्हणून थोडाच माल ठेवला, सजावट केली नाही. मग लक्षात आलं की यातच नफा आहे. 1962 मध्ये ‘आल्डी’ हे नाव पडलं: अल्ब्रेख्त अधिक डिस्काउंट.

आपल्याकडे हा प्रयोग 1997 मध्ये चेन्नईच्या ‘सुभिक्षा’ने केला. लहान गाळे, एसी नाही, भाव कमी. 2008 पर्यंत देशभर सुमारे 1600 दुकानं झाली आणि 2009 मध्ये सगळं कोसळलं. कर्जावर वाढत गेलेल्या कंपनीकडे पगाराला, भाड्याला, मालवाल्यांना द्यायला पैसे उरले नव्हते. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बझार’चा शेवटही कर्जाच्या डोंगराखालीच झाला. गिऱ्हाइकाची उधारी बंद केली, पण दुकानाने स्वतःच उधारी चढवून घेतली, असं मी याला म्हणेन.

राधाकिशन दमानी या गुंतवणूकदाराने वेगळी वाट धरली, आणि ती सुरू होते त्याच अपना बाजारपासून. 1999 च्या सुमारास त्यांनी नेरूळला अपना बाजारची शाखा चालवायला घेतली होती. 2002 मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट निघालं. भाड्याच्या जागेऐवजी शक्यतो स्वतःची जागा, आणि मालवाल्यांचे पैसे महिनोन् महिने अडकवण्याऐवजी आठ-दहा दिवसांत चुकते. लवकर पैसे मिळतात म्हणून मालवाला भाव पाडून देतो, भाव पडतो म्हणून माल लवकर संपतो. उधारी दोन्ही बाजूंनी कापली. वाढ मुंगीच्या पावलांनी: मार्च 2017 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा 131 दुकानं, मार्च 2024 मध्ये 365. शेअर 299 रुपयांना दिला होता, पहिल्या दिवशी 604 रुपये 40 पैशांनी उघडला. बडोद्याच्या कट्ट्यावर तो न मिळाल्याची हळहळ करणारे अजून भेटतात.

मात्र एका गोष्टीत हे दुकान आमच्या घरात अजून शिरलेलं नाही. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं ते हाथीखान्यातूनच. नाव गायकवाडी हत्तींचं, बाजार धान्याचा. भालिया गहू, वासदची तूरडाळ, सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, 15 किलोचा डबा. गव्हाला एरंडेल लावायचं, पिंपं पुसून ठेवायची. गेल्या वैशाखात वहिनी तिथल्या शेठकडे हिशेब करत होती, डी-मार्टातल्या पाच किलोच्या पिशवीचा भाव सांगून घासाघीस चालली होती. शेठने भाव सोडला नाही. ‘बेन, तमे लई जाओ, पैसा दिवाळीए आपजो,’ म्हणाला आणि चोपडी उघडली.