ब्लँक, मेल

ब्लँक, मेल : (३० मे १९०८–१० जुलै १९८९). अमेरिकन कार्टूनपटांना आवाज देणारे अभिनेते व रेडिओ कलावंत. पूर्ण नाव मेल्व्हिन जेरोम ब्लँक. जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे एका ज्यू कुटुंबात. बालपण ऑरेगन राज्यातील पोर्टलँड शहरात गेले. आडनावाचे मूळ स्पेलिंग ‘कोरा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते. त्यावरून शाळेत शिक्षकांनी हिणवले, म्हणून सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी शेवटच्या ‘के’च्या जागी ‘सी’ घातला, ही हकिगत त्यांच्याच तोंडची आहे. देवनागरीत अर्थातच हा फरक उमटत नाही.

लिंकन हायस्कूलच्या रिकाम्या बोळात मोठ्याने हसून प्रतिध्वनी ऐकण्याचा त्यांना नाद होता. पुढे वुडी वुडपेकर या सुतारपक्ष्याला मिळालेले हसू तेच, असे ते सांगत. १९२७ मध्ये पोर्टलँडच्या केजीडब्ल्यू रेडिओ केंद्रावर त्यांचा आवाज प्रथम ऐकू आला. १९३३ मध्ये एस्टेल रोझेनबाउम यांच्याशी विवाह झाल्यावर केईएक्स केंद्रावर ‘कॉबवेब अँड नट्स’ हा कार्यक्रम दोघांनी मिळून चालवला. इतर नटांना द्यायला केंद्राकडे पैसे नव्हते, त्यामुळे बहुतेक पात्रे ब्लँक यांनाच करावी लागली. एका माणसाने अनेक आवाज काढायचे हे तंत्र हौसेपेक्षा या काटकसरीतून घडले असावे.

१९३५ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले आणि १९३६ च्या अखेरीस वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टूनपट बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगर यांच्या संस्थेत शिरले. पहिले काम एका झिंगलेल्या बैलाचे (‘पिकाडोर पोर्की’, १९३७). तेव्हा पोर्की पिग या डुकराचा आवाज जो डॉहर्टी देत. ते खरोखरच तोतरे असल्याने एकेका वाक्याला बरीच फिल्म वाया जाई. ताब्यात राहणारे तोतरेपण हवे होते, ते ब्लँक यांनी दिले. ‘पोर्कीज डक हंट’ (एप्रिल १९३७) मध्ये त्यांनी पोर्की उचलला आणि त्याच पटात डॅफी डक हे बदकही प्रथम बोलले.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र : या पटांत आवाज आधी मुद्रित होई आणि ओठांची चित्रे नंतर त्यावर बेतली जात. पोर्की, डॅफी व ट्वीटी हा पिवळा पक्षी यांचे संवाद नेहमीपेक्षा कमी गतीने मुद्रित करून नेहमीच्या गतीने वाजवले जात, त्यामुळे पट्टी चढे आणि बोलणे भरभर वाटे. म्हणूनच डॅफी व सिल्व्हेस्टर मांजर यांचा थुंकी उडवणारा ‘स’ मुळात जवळजवळ एकच असून फरक मुख्यतः गतीचा आहे. याचा अर्थ यंत्राने काम सोपे केले असा नव्हे. वाढणाऱ्या गतीचा अंदाज घेऊन शब्द आधीच संथ पण तालात बोलावे लागत. योसेमिटी सॅम (१९४५) या तापट काउबॉयला असा कोणताही आधार नव्हता. ती सगळी घशाची आरडाओरड होती आणि ब्लँक यांना हे पात्र सर्वांत जाचक वाटे.

बग्ज बनीचे मूळ : याबाबत मतभेद आहेत. १९३८ मध्ये ‘पोर्कीज हेअर हंट’ मध्ये एक आगाऊ ससा आला, त्याचे हसू पुढच्या वुडीसारखे होते. आजचा ससा व त्याचा आवाज टेक्स एव्हरी दिग्दर्शित ‘अ वाइल्ड हेअर’ (२७ जुलै १९४०) पासून धरण्याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. आपण या आवाजात न्यूयॉर्कमधील ब्राँक्स व ब्रुकलिन या दोन वस्त्यांच्या बोलींची भेसळ केली, असे ब्लँक सांगत. सशाचे आधीचे नाव ‘हॅपी रॅबिट’ होते, हे त्यांचे दुसरे विधान मात्र त्या काळच्या पटांतून पुष्ट होत नाही. दिग्दर्शक बेन हार्डवे यांचे टोपणनाव ‘बग्ज’ होते, आणि त्यांच्यासाठी काढलेल्या नमुनाचित्रावर ‘बग्जचा ससा’ अशा अर्थाची अक्षरे होती; नावाचा उगम तेथे शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. ब्लँक यांना गाजराचे वावडे होते ही दंतकथाही अशीच, तिचा त्यांनी स्वतः इन्कार केला. खरी अडचण वेळेची होती. गाजराचा कुरकुर आवाज दुसऱ्या भाजीला वा फळाला येईना, आणि तोंड भरलेले असताना पुढचे वाक्य म्हणता येईना. म्हणून चावायचे, मुद्रण थांबवायचे आणि घास थुंकून टाकायचा.

पडद्यावरील नाव : त्या काळी आवाज देणाऱ्यांची नावे दाखवत नसत. श्लेसिंगर यांनी पगारवाढ नाकारली, तेव्हा ब्लँक यांनी श्रेयनामावलीतील उल्लेख मागून घेतला, असे ते सांगतात. १९४४ पासून हा उल्लेख दिसतो. तो न्याय्यच होता, पण त्याने इतर झाकले गेले. शिकारी एल्मर फडचा आवाज आर्थर क्यू. ब्रायन यांचा आणि रोड रनरचे ‘बीप बीप’ पॉल ज्युलियन यांचे, तरी प्रेक्षक सगळेच ब्लँक यांच्या नावावर जमा करत आले. जून फोरे व बी बेनाडेरेट या आवाज देणाऱ्या अभिनेत्रींच्याही वाट्याला हेच आले. ‘हजार आवाजांचा माणूस’ हे बिरुद म्हणून जपूनच घ्यावे. त्यांचे खरे कसब संख्येत नाही. बग्ज डॅफीची नक्कल करतो तेव्हा ती डॅफी न वाटता नक्कल करणारा बग्जच वाटते, येथे ते दिसते.

रेडिओवर विनोदी नट जॅक बेनी यांच्या कार्यक्रमात ते खडखडणारी मॅक्सवेल मोटार, व्हायोलिनचे वैतागलेले शिक्षक आणि कारमायकेल हे अस्वल झाले. अस्वलाला बरेच महिने फक्त गुरगुरायचे होते. अखेर ‘मला बोलायला कधी मिळणार’ असे त्यांनी विचारल्यावर लेखकांनी इतर भूमिका दिल्या. १९४६-४७ मधील स्वतःचा ‘द मेल ब्लँक शो’ अल्पजीवी ठरला.

२४ जानेवारी १९६१ रोजी सनसेट बुलेव्हार्डवर त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. सुमारे दोन आठवडे ते बेशुद्ध होते. डॉक्टरांनी ब्लँक यांच्याऐवजी बग्ज बनीला ‘कसा आहेस’ म्हणून विचारले आणि उत्तर सशाच्या आवाजात आले, असे सांगतात. ‘द फ्लिंटस्टोन्स’ या दूरदर्शन कार्टूनमालिकेतील त्यांचे पात्र बार्नी रबल काही भागांपुरता डॉज बटलर यांनी सांभाळला. त्यानंतर अंगभर प्लास्टर असलेल्या ब्लँक यांच्या पलंगावर मायक्रोफोन टांगून मुद्रण झाले. ‘द जेटसन्स’ (१९६२) मधील मालक स्पेसली हेही त्यांचेच. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झाल्यावर मराठी घरांतही हे आवाज पोचले, नाव मात्र फारसे पोचले नाही.

‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) मध्ये त्यांनी जुनी पात्रे पुन्हा केली, सॅमची ओरड मात्र जो अलास्की यांनी दिली. लहानपणापासूनच्या धूम्रपानाने फुप्फुसे निकामी होत आली होती. लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची पात्रे जेफ बर्गमन, जो अलास्की, बिली वेस्ट अशा अनेकांत वाटली गेली.