कामगार, भांडवल आणि लॉगचा कागद

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एम. ए.ची मुलं प्रोजेक्टच्या फायली घेऊन येतात, आणि दर वर्षी त्यातलं कुणीतरी तोच प्रश्न विचारतं. कारखान्यांच्या उत्पादनावर दोन रिग्रेशन (आकड्यांच्या ठिपक्यांना रेघ बसवायचा हिशोब) चालवलेली असतात: एक साधं रेषीय, दुसरं उत्पादनाचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन. पहिल्याचा आर-स्क्वेअर, म्हणजे चढउताराचा किती हिस्सा रेघेने टिपला त्याचं माप, ०.९१, दुसऱ्याचा ०.८७. "काका, मग पहिलंच ठेवू ना?"

ठेव, पण या कारणासाठी नको. पहिल्या आकड्यात रुपयांतला चढउतार मोजलाय, दुसऱ्यात लॉगमधला. मोजलेली वस्तूच वेगळी, तर आकडे शेजारी ठेवून काय कळणार? ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यामागची गोष्ट एकदा नीट सांगितलेली बरी.

ठिपक्यांमधून सरळ रेघ काढायची किमान वर्गांची पद्धत (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची) फ्रेंच गणिती लजान्द्र यांनी १८०५मध्ये छापली, धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी. रिग्रेशन हा शब्द आला गॉल्टन यांच्याकडून, आईबाप आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासातून. कारखान्यांशी दोन्हींचा काही संबंध नव्हता. तो जोडला पॉल डग्लस यांनी.

डग्लस शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ, पुढे अमेरिकेचे सिनेटरही झाले. १८९९ ते १९२२ या २४ वर्षांतले अमेरिकी कारखानदारीचे तीन निर्देशांक त्यांच्या हाताशी होते: कामगार, भांडवल आणि उत्पादन. १८९९ला तिन्ही १००. १९२२ला कामगार १६१, उत्पादन २४० आणि भांडवल ४३१. साध्या आलेख-कागदावर भांडवलाची रेघ अशी उसळते की बाकीच्या दोन तळाशी चिकटल्यासारख्या दिसतात. डग्लस यांनी त्या लॉगच्या कागदावर काढल्या. तिथे सारख्या टक्क्यांची वाढ सारखीच उंच दिसते. उत्पादनाची रेघ बाकी दोघींच्या मधून चालली होती, कामगारांच्या रेघेपासून साधारण पाव अंतरावर. हे १९२७चं. अॅमहर्स्ट कॉलेजात गणित शिकवणाऱ्या चार्ल्स कॉब यांना त्यांनी विचारलं, याला सूत्र काय बसेल? १९२८मध्ये दोघांचा लेख आला. त्यात उत्पादन म्हणजे कामगार आणि भांडवल यांच्या घातांचा गुणाकार: कामगारांचा घातांक ०.७५, भांडवलाचा ०.२५ आणि पुढे गुणक १.०१.

कॉलेजात हे सूत्र आकाशवाणीसारखं शिकवतात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दोन घातांकांची बेरीज १ व्हावी, हे कॉब-डग्लस यांनी आधीच ठरवलं होतं. आकड्यांतून काढायचा राहिला एकच. आणि १९२२चे आकडे सूत्रात घालून पाहा: उत्तर २०८च्या आसपास येतं, प्रत्यक्षात उत्पादन २४०. टीका व्हायचीच, ती झाली. तरी सूत्र टिकलं, कारण लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि बेरीज झाली की लजान्द्र यांची जुनी रेघ जशीच्या तशी चालते. शिवाय घातांकाचा अर्थ कुणालाही कळतो: कामगार १ टक्का वाढले तर उत्पादन पाऊण टक्का.

भारतात मूर्ती आणि शास्त्री यांनी १९५७मध्ये इथल्या उद्योगांवर हेच सूत्र लावून पाहिलं. १९५९पासून उद्योगांची वार्षिक पाहणी सुरू झाली आणि आकड्यांची वानवा संपली.

अशा लॉगच्या रिग्रेशनला लॉग-लिनिअर म्हणतात, पण ते नावही जरा फसवं आहे. डग्लस यांनी दोन्ही बाजूंना लॉग घेतला. पण फक्त उत्पादनाचा लॉग घेऊन काळावर रेघ काढली, तरी लोक तिला लॉग-लिनिअरच म्हणतात. तिचा उतार म्हणजे वाढीचा दर. फाईल उघडल्यावर मी आधी हेच विचारतो, यातलं तुझं कुठलं?

बडोद्यात लॉगची गरज समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) चार लेथवर चालणारी शेड आहे आणि १९६५पासून कोयलीची रिफायनरीही आहे. पाहणीच्या भाषेत दोन्ही कारखानदारीच. एकाच साध्या आलेखात घातली, तर रिफायनरीचा एकटा ठिपका अख्खी रेघ आपल्याकडे ओढतो आणि शेडची चूक दिसतही नाही. लॉगमध्ये दहा टक्क्यांची चूक शेडचीही तेवढीच, रिफायनरीचीही तेवढीच.

मग निवड करायची कशी? कॉब-डग्लस यांच्या लेखानंतर ३६ वर्षांनी, १९६४मध्ये, बॉक्स आणि कॉक्स या संख्याशास्त्रज्ञांनी वाट दाखवली. (नावांचं यमक जुळतं म्हणून एकत्र लिहायचं ठरलं, असं सांगतात.) त्यांनी दोन्ही प्रतिमानं (मॉडेल) एकाच कुटुंबात बसवली, लॅम्डा या एका आकड्याने ओळखू येतील अशी: लॅम्डा १ असेल तर रेषीय, ० असेल तर लॉग. वापरायला कृती सोपी आहे. प्रत्येक उत्पादनाला सगळ्या उत्पादनांच्या भूमितीय मध्याने (लॉगची सरासरी काढून ती पुन्हा मूळ आकड्यात आणली की येतो तो) भागायचं, मग दोन्ही रिग्रेशन पुन्हा चालवायची. आता चुकांच्या वर्गांची बेरीज एका मापात येते. जिची कमी, तिचं पारडं जड. १९८३मध्ये मॅकिनन, व्हाइट आणि डेव्हिडसन यांनी यासाठी वेगळी चाचणीही दिली, तिच्यात दोन्ही प्रतिमानं नापास होऊ शकतात. मुलांना ती आवडत नाही.

लॉग निवडला तरी काम संपत नाही. समजा तीन शेड आहेत आणि त्यांचं उत्पादन ४, १० आणि २५ लाख. सरासरी १३. लॉग घ्या, त्यांची सरासरी काढा, ती उलटी फिरवा, म्हणजे लॉगमधून पुन्हा लाखांत आणा: १० येतात. तीन शेडचे मिळून ३९ लाख व्हायला हवेत, हिशोब ३०वर थांबतो. लॉग उलटा फिरवला की अंदाज असा खाली घसरतो. त्यावर दुरुस्ती आहे, दुआन यांची १९८३चीच, पण फाईलींमध्ये ती क्वचित दिसते. गेल्या खेपेला एका मुलीने अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज असाच काढून आणला होता. तिला हे ४, १०, २५ कागदाच्या मागे लिहून दिलं. कॅल्क्युलेटर न काढता तिने बोटांवर बेरीज केली आणि "आईशप्पथ" म्हणाली.

तिच्या तक्त्यात आणखी एक घोळ होता. ज्या चार शेडना वर्षभर टाळं होतं त्यांचं उत्पादन शून्य, आणि शून्याचा लॉग नसतो. सॉफ्टवेअरने त्या ओळी गुपचूप गाळल्या होत्या. रेषीय रिग्रेशनमध्ये ६२ कारखाने, लॉगमध्ये ५८. ती दोन प्रतिमानांची तुलना करत होती, आणि दोन्हींत कारखानेच सारखे नव्हते.