हरिहरच्या पायऱ्यांवर पाय का टिकतो, आणि का सुटतो

त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेतल्या हरिहर किल्ल्याची कातळकोरीव वाट फोटोत जितकी भेदरवते, तितकी कोरड्या हवेत अवघड नाही. शिडीसारख्या उभ्या पायऱ्या आणि दोन्ही कडांना हात अडकवायला खोबण्या आहेत. घात होतो तो पाऊस, गर्दी आणि उतरतानाची घाई यांनी.

सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. घट्ट थरांचे उभे कडे राहतात, मऊ थर झिजून त्यांचे उतार होतात. म्हणून इथल्या चढाईत दोन वेगळी संकटं आलटून पालटून येतात: उतारावर घसारा, म्हणजे सुट्या खड्या-मातीची निसरडी वाट, आणि कड्यावर दृष्टीभय, म्हणजे खालची उघडी दरी दिसून वाटणारी भीती. घाबरवतं दृष्टीभय, पण पाय बहुतेकदा घसाऱ्यावरच सुटतो.

त्यामागचं गणित सोपं आहे. रबरी तळ आणि कोरडा, खरबरीत कातळ यांच्यातला घर्षणांक १ च्या आसपास असतो. म्हणजे साधारण ४५ अंशांच्या उतारावरही बूट चिकटून राहतो. शेवाळावर तो ०.३ पर्यंत उतरला, तर १७ अंशांवरच पाय निसटतो. मुरमाड वाटेवर बुटाखालचे खडे गोट्यांसारखे गडगडतात, तिथे बुटाची किंमत कितीही असो, उपयोग थोडाच. अशा वाटेवर पावलं लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि मातीत रुतलेला दगड हेरून त्यावर पाय द्यावा. वाळलेलं गवत हाताला आधार देत नाही आणि पायाखाली तेही घसरतं.

घर्षण भारावर अवलंबून असतं, हे भीतीपोटी विसरलं जातं. दरी दिसली की माणूस उताराकडे झुकतो, हात टेकतो, बसतो. त्यामुळे भार तळव्यावर सरळ पडत नाही, टाच उचलली जाते आणि पाय मागे सटकतो. उतारावर ताठ उभं राहून भार पावलांवर ठेवणं मनाला पटत नाही, तरी शरीराला तेच सुरक्षित असतं. हे आधी पायथ्याच्या एखाद्या छोट्या कातळावर करून पाहावं.

पायऱ्यांवर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन आधार कायम पक्के हवेत. एका वेळी एकच हलवायचा. खोबणीत बोटं घालण्यापूर्वी आत पाहावं, कारण तिथे विंचू दडलेला असू शकतो. भार पायांनी उचलावा, हात फक्त तोल राखायला. वजनदार सामान पाठीला लगटून भरावं. ते जितकं मागे लोंबेल, तितकं अंगाला मागे खेचेल. चालण्याची काठी आणि फोन सॅकमध्ये. महादरवाजानंतरची आडवी वाट कड्याच्या पोटातून जाते. तिथे डोक्यावरचा कातळ सॅकला घासतो आणि तोल जाऊ शकतो, म्हणून वाकून, सावकाश सरकावं.

उतरताना पायऱ्यांकडे तोंड ठेवा, शिडी उतरतो तसं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्याने ते लवकर थकतात आणि पाय लटपटायला लागतात. वरून कुणी घसरला तर खालच्यांनाही घेऊन जातो, म्हणून कुणाच्या थेट खाली उभं राहू नये. रविवारच्या झुंबडीत हे पाळताच येत नाही. त्यावर उपाय एकच, पहाटे निघणं.

वेळेचा अंदाज विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ च्या नियमाने बांधता येतो: दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे ६ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल, तर २ तास १२ मिनिटं. यात विश्रांती, ऊन आणि पायऱ्यांवरची रांग धरलेली नाही. उलट फिरायची वेळ पायथ्याशीच ठरवा. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी वळा. हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही सॅकमध्ये हवाच.

पाणी माणशी निदान ३ लिटर. तासन्तास घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम विरळ होऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होऊ शकतो. म्हणून मधूनमधून ओआरएस घ्यावं, मोठं पाकीट असेल तर पूर्ण १ लिटर पाण्यातच.

मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी विजा होतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा माथा सोडा. लोखंडी रेलिंग, एकटं झाड आणि ओल्या कातळाची उथळ कपार टाळा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा नको. चावलेली माशी चिरडू नये. डंखातून निघणारा, पिकल्या केळ्यासारख्या वासाचा रासायनिक इशारा इतर माश्यांना बोलावतो. तोंड झाकून तिथून दूर व्हा, मात्र उभ्या पायऱ्यांवर धावू नका.

कुणी जखमी झालं तर ११२ वर फोन करा आणि पायथ्याच्या गावाला कळवा. वाटा त्यांच्याइतक्या दुसऱ्या कुणाला माहीत नसतात.